अस्तरावरचे आकडे

गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी डागमावशी लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी उभ्या होत्या आणि एका लहान मुलीच्या कोटाचं अस्तर खालच्या शिवणीपाशी वीतभर उसवत होत्या. कोट तपकिरी, पाच-सहा वर्षांच्या मापाचा, कोपरांवर विरलेला. डाव्या काखेखाली फिकट अस्तरावर बॉलपेनची निळी शाई पसरली होती.

मावशींचं वय अठ्ठावन्न. त्यातली एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कपड्यांवरचे डाग काढण्यात गेली. तेल, रक्त, गंज, रंग, गवत, शाई. कुठल्या डागाला गरम पाणी चालत नाही आणि कुठल्याला थंड, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. लाँड्रीचा मालक तसा कौतुकाला कंजूष, पण गिऱ्हाइकाला सांगायचा, "मावशींनी हात टेकले ना, तर कपडा पोछ्याला घ्या."

"वहिनी, तो निळ्या पोत्यातला आहे," पलीकडून भावजी म्हणाले. भावजी म्हणजे मावशींचे धाकटे दीर. नवरा गेल्यापासून घरात आणि लाँड्रीत मावशींना त्यांचाच आधार. ते इस्त्री करतात, आणि इस्त्री करताना बोलतात.

"डोळे आहेत मला."

"निळ्यातलं नुसतं धुवायचं, हा नियम कोणी केला? मी नाही केला."

"मीच केला. मीच मोडतेय. तुम्ही तुमचा शर्ट जाळू नका तिकडे."

नियम असा होता. सीमेपलीकडे लढाई सुरू होऊन सात महिने झाले होते. तिकडून निघालेली त्रेचाळीस कुटुंबं या गावच्या बंद पडलेल्या खेळाच्या हॉलमध्ये राहत होती. त्यांच्यासाठी मावशींनी लाँड्रीच्या काउंटरवर खोका ठेवला होता आणि वर स्वतःच्या हाताने पाटी लिहिली होती : 'घरात पडून असलेला गरम कपडा द्या. डाग काढून, धुऊन पोचवू.' असे आलेले कपडे पांढऱ्या पोत्यात जायचे आणि त्यांचा डाग न् डाग निघायचा. मावशींचं म्हणणं, फुकट मिळालेल्या कोटावर दुसऱ्याच्या जेवणाचा डाग असला की घालणाऱ्याला रोज आठवण होते की हा आपला नाही. निळ्या पोत्यात मात्र हॉलमधल्या लोकांचे स्वतःचे कपडे दर गुरुवारी यायचे. ते नुसते धुऊन परत द्यायचे. शंभराच्या वर नग, दोन बायका, एक मशीन. डाग काढत बसायला वेळ नव्हता.

पण हा कोट लहान होता. हॉलचं काम पाहणाऱ्या हेडबाईंनी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिकांनी, पोतं देताना सांगितलं होतं की या पोरीला तिकडे सगळे 'कोटवाली' म्हणतात. आल्यापासून बारा दिवस ती कोट अंगातून काढत नव्हती, झोपतानासुद्धा. काल तापात तिने त्यावर ओकलं तेव्हा कुठे तो निघाला. तेवढ्यासाठी मावशींना वाटलं, पोरीला तो नव्यासारखा करून द्यावा.

बॉलपेनचा डाग वरून घासत नाहीत. शाईची बाजू पांढऱ्या चिंधीवर पालथी घालतात आणि पाठीमागून स्पिरिटच्या बोळ्याने टिपतात. शाई कपडा सोडून खाली चिंधीत उतरते. मग चिंधी सरकवायची, कोरी जागा घ्यायची, पुन्हा टिपायचं. मावशींनी चिंधी अकरा वेळा सरकवली. चाळीस मिनिटं लागली. शाई आधी घामाने, पावसाने फुगलेली होती, पण त्यात आकडे दिसत होते. एक चार होता, एक बहुतेक सात. हे मावशी कोणापासून लपवत नाहीत. त्यांना वाटलं, पोरीने गणितं गिरवली असतील. पोरं कोटांवर काय काय गिरगटतात, त्यांनी एकतीस वर्षं पाहिलं होतं.

बारा वाजता त्यांनी अस्तर खिडकीसमोर धरलं. शाईचा मागमूस नव्हता.

"बघा," त्या म्हणाल्या.

भावजींनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "मानलं बुवा. आता एवढी मेहनत घेतलीत, तर माझीही एक वाफ घ्या." त्यांनी कोटाला दोन्ही बाजूंनी वाफ दिली आणि कोपरं बसवली.

शुक्रवारी साडेनऊला मावशी निळं पोतं घेऊन स्वतः हॉलवर गेल्या. एरवी टेम्पोवाला एकटाच नेतो. पण पोरीचं तोंड बघायचं होतं.

पोरीच्या आईने कोट हातात घेतला आणि सगळ्यात आधी डावी बाजू उलटी केली. मग उजवी. मग बाही आत ओढून पाहिली. मग गळ्याशी पाहिलं, बटणं पाहिली, एक बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं होतं त्याच्यावर बोट फिरवलं.

"हा तिचा नाही," ती म्हणाली. तिकडची बोली वेगळी, पण समजायची.

"तिचाच आहे," मावशी म्हणाल्या. "साफ झालाय ना, म्हणून तसा वाटतोय. आतला डागसुद्धा काढला. शाईचा होता, चिवट. पण सोडला नाही मी."

बाईने कोट खाली ठेवला. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली आणि हेडबाईंना म्हणाली, "यांना सांगा, तो नंबर होता."

ओळीने सगळं कळायला पंधरा मिनिटं लागली. नवरा सीमेच्या अलीकडे आला नव्हता, पुरुषांना येऊ देत नव्हते. त्याचा स्वतःचा फोन तपासणीत गेला होता. गाडी सुटायच्या आधी त्याला कोणाचा तरी जुना फोन मिळाला, नवा नंबर. तो त्याने कागदावर लिहिला नाही, कारण वाटेत कागद काढून घेत होते. पोरीच्या कोटाचं अस्तर उलटून त्यावर लिहिला. आई हरवली तरी पोरीकडे राहील म्हणून. बाई रोज संध्याकाळी पोरीला उभी करायची, कोट उघडायची आणि हॉलच्या फोनवरून आकडे बघून बघून तो नंबर लावायची. रोज बंद लागायचा.

"दुसरीकडे उतरवून नाही घेतला?" मावशींनी विचारलं. विचारल्यावर त्यांना आपलाच आवाज नकोसा झाला.

"कशाला?" बाई म्हणाली. "कोटावर होता. कोट पोरीच्या अंगावर होता."

हेडबाईंनी फोनचं रीडायल दाबलं. दूधवाल्याने उचललं. "उद्या दोन लिटर जास्त का बाई?" त्यांनी फोन ठेवला. मग फोनच्या ऑफिसात विचारलं. तिथल्या माणसाने सांगितलं की लागलेले फोन बिलात येतात. न लागलेल्यांची नोंद त्यांच्याकडे नसते.

"कोट पोत्यात मी टाकला," हेडबाई म्हणाल्या. "तुम्ही क्लिनिकच्या रांगेत होतात. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"तुम्ही टाकलात, यांनी पुसला," बाई म्हणाली, आणि दोघींपैकी कोणाकडेही न बघता पोरीच्या अंगात कोट चढवून बटणं लावू लागली. पोर उभ्या उभ्या आईच्या डोक्याकडे पाहत होती.

मावशींच्या डोक्यात त्याच वेळी एक गोष्ट आली, आणि ती चांगली वाटायच्या आत भीतीच वाटली. शाई नाहीशी झाली नव्हती. ती चिंधीत उतरली होती. अकरा जागांपैकी पहिली जागा स्पिरिट पसरायच्या आधी टेकली होती, म्हणजे तिथे शाई जशीच्या तशी, फक्त उलटी, उमटली असणार. आणि चिंध्या दर शुक्रवारी अकरा वाजता सोड्याच्या गरम पाण्यात भिजतात. घड्याळात दहा पंचावन्न झाले होते.

त्यांनी हॉलमधूनच लाँड्रीला फोन लावला.

"मालक, चिंध्यांच्या टाकीचं पाणी बंद करा!"

"कोण? मावशी? भावजी चहाला गेलेत. नळ सोडून गेलेत आत्ताच. का, काय झालं?"

"तुम्ही स्वतः उठा आणि नळ बंद करा."

"अहो, काउंटरवर गिऱ्हाईक..."

"आधी नळ!"

एवढ्या वर्षांत मावशी मालकावर कधी ओरडल्या नव्हत्या. तो उठला.

हॉल ते लाँड्री पंधरा मिनिटांचं अंतर. मावशी पोचल्या तेव्हा टाकीत चार बोटं पाणी होतं आणि वर साठ-सत्तर चिंध्यांचा ढीग. भावजी एव्हाना परत आले होते आणि काय चाललंय ते कळत नसूनही बाह्या सरसावून उभे होते. मावशी चिंधीसाठी जुने उशांचे अभ्रे फाडतात, मशीनवरची बाई धोतराचे तुकडे घेते. म्हणजे फक्त अभ्रे शोधायचे होते. दोघांनी एकेक उचलून टेबलावर पसरला. सव्वीस अभ्रे निघाले. निळे ठिपके असलेला एकोणिसावा. तो ढिगाच्या कडेला होता आणि त्याचा एक कोपरा पाण्यात लोंबत होता.

काउंटरजवळच्या आरशासमोर मावशींनी तो धरला. उलटे आकडे सुलटे झाले. फुगीर, पण आकडेच. भावजी मोठ्याने वाचत गेले आणि मालकाने पावतीच्या मागे लिहून घेतले. शेवटचे दोन आकडे भिजलेल्या कोपऱ्यात होते. तिथे नुसतं निळं पाणी झालं होतं.

"नळ मीच सोडला," भावजी म्हणाले.

"रोजच सोडता," मावशी म्हणाल्या. "माझंच काम होतं ते."

शेवटचे दोन आकडे म्हणजे शंभर शक्यता. शून्य-शून्यपासून नव्व्याण्णवपर्यंत. भावजींना हे आधी फार वाटलं नाही. "शंभरच ना? दोन दिवसांचं काम." मग हेडबाईंनी त्यांना अडचण समजावून सांगितली. पोरीच्या बापाचा फोन रोज बंदच लागत होता. जो नंबर लागेल आणि परका माणूस बोलेल, तो खोडता येईल. पण जे नंबर बंद असतील, त्यातला कुठला त्याचा, हे कळायला मार्ग नाही. ते रोज लावावे लागतील. शिवाय तिकडे वीज असते दुपारी चार ते सहा, टॉवर चालतात तेवढाच वेळ.

मालक म्हणाला, "माझं लाँड्रीचं लायसन्स आहे, टेलिफोन एक्स्चेंजचं नाही." पण चार वाजता काउंटरवरचा फोन त्याने स्वतःच मावशींकडे सरकवला. तासाभराने त्याला परदेशाचा दर कळला. त्याने फोन परत ओढून घेतला नाही, पण उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

शनिवारी मावशींनी पाटीवर एक ओळ वाढवली : 'कपडा नसेल तर एक फोन लावून द्या.' कपडे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्या हातात कागद द्यायच्या. नंबर लावायचा, आणि कोणी उचलला तर एकच विचारायचं : लेकीच्या कोटावर नंबर तुम्ही लिहिला होता का? पोरीच्या बापाचं नाव त्या कोणाला सांगत नव्हत्या. नाव ऐकून कोणीही हो म्हणू शकतो. कोटाला हो म्हणणाऱ्याने नाव स्वतः सांगायचं.

काहींनी दिला. काहींनी दोन दिले. एक वकीलसाहेब, दर आठवड्याला चार काळे कोट टाकणारे, कागदाकडे बघून म्हणाले, "मावशी, मागच्या महिन्यात स्वेटर दिला ना मी?"

"दिलात. कॉलरला आमटी होती."

"ती काढलीत?"

"काढली. म्हणूनच तर ही वेळ आली."

वकीलसाहेबांना नीट कळलं नाही, पण त्यांनी फोन लावला. पलीकडून कोणीतरी शिवी दिली. "हा खोडा," ते म्हणाले, आणि रुमालाने फोन पुसला.

पण बहुतेकांनी 'आज घाईत आहे' म्हणून आपापले कपडे घेतले. युद्धाला सात महिने झाले होते. पहिल्या महिन्यात खोका दिवसातून दोनदा भरायचा. आता चार दिवस तळ दिसत होता. एक बाई तर म्हणाली, "अजून चालूच आहे का ते?" मावशींनी तिला तिच्या साडीची पावती दिली.

पोरीची आई रोज पावणेचारला यायची. खुर्ची दिली तरी बसायची नाही. मावशी नंबर फिरवायच्या, रिंग झाली की रिसीव्हर तिच्याकडे द्यायच्या. दोघींत याहून जास्त बोलणं होत नव्हतं. मंगळवारी एका म्हाताऱ्याने उचलला. त्याने कोटाचा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लावला, मग म्हणाला, कोट नाही, पण तुम्ही जिथून बोलताय तिथे माझी सून आहे का? दोन मुलं, मोठ्याच्या भुवईवर खूण. बाईने पावतीच्या मागे लिहून घेतलं. हेडबाईंनी हॉलमध्ये विचारलं. नव्हती. बुधवारी त्या म्हाताऱ्याला परत फोन करून 'सून इथे नाही' हे सांगायचं कामही बाईनेच केलं. त्यानंतर ती पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

"मावशी," ती म्हणाली. याआधी तिने त्यांना काहीच म्हटलं नव्हतं. "मला त्याचा राग येतोय. नंबर कागदावर का नाही लिहिला त्याने. हे बरोबर आहे का?"

भावजींची इस्त्री थांबली होती, म्हणजे तेही ऐकत होते.

"माझा येत नाही?" मावशींनी विचारलं.

"तुमचा येतोच," बाई म्हणाली. "तो वेगळा."

गुरुवारी हॉलवर पत्र आलं. रविवारी सकाळी बस येणार, सगळ्या कुटुंबांना नऊ तासांवरच्या दुसऱ्या गावी हलवणार. तिथल्या केंद्रात पक्क्या खोल्या होत्या. हॉलचं छप्पर गळत होतं, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. पोरीच्या आईने घेतली. ती म्हणाली, मी इथेच राहते, लाँड्रीत झोपेन. हेडबाईंनी दोन तास समजूत घातली. पोरीचा ताप पुन्हा उलटला तेव्हा ती तयार झाली.

शनिवारी सहा वाजता तिकडची वीज गेली तेव्हा हिशेब असा होता : बावीस नंबर अस्तित्वातच नव्हते. एकोणचाळीस जणांनी उचलले, आणि ते परके निघाले. उरलेले एकोणचाळीस नऊ दिवस बंद. त्यातले काही फोन खड्ड्यात पडले असतील, काही विकले गेले असतील, काहींचे मालक उरले नसतील. हे बोलायची गरज नव्हती. ते मावशी, भावजी आणि पोरीची आई, तिघांनाही कळत होतं.

रविवारी सकाळी सव्वाआठला मावशी बसपाशी गेल्या. हातात लाँड्रीच्या खुणेच्या शाईची बाटली होती. कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून कॉलरमध्ये नंबर टाकायची ती शाई. ती सोड्यात उकळली तरी जात नाही. मावशींनाही काढता येत नाही, जगात कोणालाच येत नाही. त्यांनी ठरवलं होतं की लाँड्रीचा फोन नंबर पोरीच्या अस्तरावर, जुन्या जागी लिहून द्यायचा.

बाईने बाटली पाहिली आणि पोरीला मागे ओढलं.

"नको. आता कोटावर काही लिहू नका."

"ही जात नाही. खरंच सांगते."

"नको." मग पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "सांग त्यांना."

पोरीने लाँड्रीचा नंबर म्हणून दाखवला. पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत, न अडखळता, बसच्या पायरीवर उभी राहून. मग नव्या गावच्या केंद्राचा म्हणाली. मग थांबली आणि बापाचा म्हणाली, शेवटचे दोन आकडे सोडून. तिथे ती तोंड मिटून आईकडे बघत राहिली.

मावशींनी बाटलीचं बूच घट्ट केलं.

"यादी?" त्यांनी विचारलं. "तुम्ही नेताय?"

"तुमच्याकडे ठेवा. तिथे फोन लावू देतील की नाही माहीत नाही." बाई पायरी चढली आणि वळली. "तुम्ही पुसला. तुम्हीच लावा."

हे तिने रागाने म्हटलं की विश्वासाने, हे मावशींना ठरवता आलं नाही. भावजींना विचारलं तर ते म्हणाले, "दोन्ही असेल वहिनी. दोन्ही असू शकतं की." बस साडेआठला सुटली. पोर खिडकीत होती. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती.

रविवारी लाँड्री बंद असते. पण मागच्या रविवारसारखंच चार वाजता मालकाने शटर अर्धं वर केलं आणि मावशी नि भावजी वाकून आत गेले. आता रिसीव्हर द्यायला शेजारी पोरीची आई नव्हती, बोलायचं त्यांनाच होतं. चौतिसावा नंबर लागला. एका बाईचा आवाज आला.

"लेकीच्या कोटावर..." मावशींनी सुरुवात केली. मग पूर्ण प्रश्न विचारला.

"हा फोन मला रस्त्यावर सापडला," बाई म्हणाली. "कोणाचा आहे माहीत नाही. आज चार्ज केला."

"कुठे सापडला?"

बाईने रस्त्याचं नाव सांगितलं. मावशींनी ते मोठ्याने म्हटलं आणि भावजींनी लिहिलं. तो रस्ता पोरीच्या बापाच्या गावचा होता की नाही, हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. हा नंबर खोडायचा की ठेवायचा, यावर दोघांचं थोडं वाजलं.

"सापडला म्हणजे त्याचा असेलही," भावजी म्हणाले.

"असला तर तो रस्त्यावर पडलाय, भावजी. माणूस कुठे आहे?"

शेवटी मावशींनी तो खोडला नाही. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह केलं आणि नव्या गावच्या केंद्राला फोन करून त्या रस्त्याचं नाव निरोप म्हणून ठेवलं. बस अजून पोचली नव्हती. फोन घेणाऱ्याने सांगितलं, पोचली की सांगतो. पुढचे पाच नंबर बंद लागले. सहाला वीज गेली.

उद्या सोमवार. लाँड्री सात वाजता उघडते, बॉयलर सव्वासातला. पांढऱ्या पोत्यात चार नग आहेत, ते दुपारी दोनपर्यंत होतील. चार वाजता मावशी काउंटरवर बसतील. यादीत एकोणचाळीस नंबर आहेत, पहिल्याच्या शेवटी शून्य सात.